कम्प्युटर तेच तेच खेळतोय?

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आली की होस्टेलवर, बसमध्ये, कॅन्टीनमध्ये कम्प्युटरशी बुद्धिबळाचे डाव रंगायला लागतात. जोडीदार शोधायची कटकट नाही, रात्री दोन वाजताही गडी तयार! पण एक गोष्ट लक्षात आलीय का? तुम्ही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, की तो बहुतेक वेळा ठरलेलंच उत्तर देतो. पंधरा दिवसांत पहिल्या आठ खेळी तोंडपाठ होतात आणि वाटतं, तयारी झक्कास! मग पहिल्याच फेरीत समोरचा सिसिलियन बचाव खेळतो, घड्याळ पळत असतं आणि तुम्ही दुसऱ्या खेळीलाच अडकता. टीममधली जागा अशी हातची जाते.

इथे कमी पडते ती बुद्धी नाही, सरावातली विविधता. दोघांची एकेक खेळी झाली, तरी पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती येऊ शकतात. इंजिन मात्र त्याच्या हिशेबाने सगळ्यात चांगली खेळी शोधतं. स्थिती तीच, सेटिंग तेच, मग उत्तरही बरेचदा तेच. लेव्हल कमी केली तर वेगळेपणा येतो, पण तो चुकांमधून. मध्येच उंट फुकट मिळतो आणि तुम्ही उगाच खूश होता.

यावर उपाय म्हणजे ‘ओपनिंग बुक’. ही सुरुवातीच्या खेळींची फाइल असते. कोणत्या स्थितीत कोणत्या खेळी चालतील आणि कोणती किती वेळा खेळायची, हे त्यात नोंदवलेलं असतं. या प्रमाणाला ‘वेट’ म्हणतात. समजा, तुमच्या ई-४ला ई-५साठी ४०, सिसिलियनच्या सी-५साठी ४०, फ्रेंच बचावाच्या ई-६साठी २० असं वेट दिलं. मग दर दहा डावांत साधारण चार, चार आणि दोन अशी उत्तरं येतील. कोणतं कधी येणार, हे मात्र तुम्हाला आधी कळणार नाही. गंमत तिथेच आहे!

मोफत मिळणाऱ्या स्टॉकफिशमध्ये स्वतःचं बुक नसतं. पण अरिना किंवा स्किडसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘पॉलिग्लॉट’ प्रकारची बुक जोडता येते. वेट किती ठेवायचं, यासाठी लिचेसचा ‘ओपनिंग एक्सप्लोरर’ बघा. तिथे रेटिंगचा फिल्टर लावला, की तुमच्या पातळीचे खेळाडू नेमकं काय खेळतात ते दिसतं. ग्रँडमास्टरांची आकडेवारी नंतर बघू, आधी शेजारच्या कॉलेजची तयारी करू.

लॅपटॉप नाही? ल्युडोचा फासा घ्या. एक-दोन पडले तर ई-५, तीन-चार पडले तर सी-५, पाचला ई-६, सहाला कारो-कानची सी-६. लिचेसच्या अॅनालिसिस बोर्डवर तेवढ्या खेळी करा आणि तिथून पुढे कम्प्युटरशी खेळायचा पर्याय निवडा. समोर माणसासारखा खेळणारा गडी हवा असेल, तर माणसांच्या डावांवरून शिकवलेलं ‘माइया’ इंजिनही लिचेसवर आहे.

हा जुगाड फक्त आपल्यासारख्यांसाठी आहे असं समजू नका. इंजिनांच्या आपसातल्या ‘टीसेक’ स्पर्धेतही सुरुवातीच्या खेळी आयोजकच ठरवून देतात आणि तीच सुरुवात दोन्ही इंजिनांना रंग बदलून खेळावी लागते.

एक पथ्य पाळा. बुक सात-आठ खेळींपुरतीच ठेवा, पुढे इंजिनाला आणि स्वतःला विचार करू द्या. डाव संपल्यावर कुठे अडकलात, ते एका ओळीत लिहून ठेवा. ज्या ओपनिंगचं नाव वहीत सारखं सारखं येतंय, तिचं वेट वाढवा. नावडतीशीच जास्त खेळायचं, म्हणजे स्पर्धेत ती समोर आली तरी घाम फुटणार नाही!