मनीच्या वजनाची वही

पहाटे साडेपाच

डिसेंबरात आमच्या पेनगंगेकाठच्या गावात पारा १० अंशांच्या खाली जातो. आदिलाबाद जिल्ह्याची थंडी म्हणजे तेलंगणात सगळ्यात कडक. चूल पेटायच्या आत आमची मांजर मनी येऊन चुलीपाशी बसलेली असते. दीड महिन्यापूर्वी ती अशी येत नव्हती. पुढच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात अंग खुपसून दिवसभर पडून राहायची. हाक मारली तर नुसता कान हलायचा.

मी आधी तिच्या पाठीवरून हात फिरवते. कणा अजून मण्यांच्या माळेसारखा बोटांना लागतो, पण दोन मण्यांमधली खाच भरत आली आहे. मग तिचा पहिला घास: मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारं कोरडं खाद्य चमचाभर, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून. मनी पिल्लू नाही, चांगली चार वर्षांची आहे. पण पिल्लांच्या खाद्यात ताकद जास्त, ग्रॅमला साधारण ४ कॅलरी. अशक्त मांजराच्या पोटात जास्त मावत नाही, म्हणून थोडक्यात जास्त ताकद जायला हवी. पाणी कोमटच लागतं. वास उठला की ती तोंड लावते, गार अन्न हुंगून निघून जाते.

वाटी मी धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवते. खाली ठेवली की कुत्रं येतं, आणि कुत्र्याच्या धाकाने मांजर अर्धं खाऊन पळतं. वाटी वर गेली त्या दिवसापासून ती रिकामी होऊ लागली.

सकाळी साडेआठ

दुसरा घास: उकडलेल्या अंड्याचा अर्धा भाग, कुस्करून. कच्चं अंडं देत नाही, कच्च्या पांढऱ्या बलकाने अंगातलं बायोटिन बांधलं जातं. मी अंगणवाडीत टीचर आहे, पण अंगणवाडीतली अंडी पोरांची आणि बाळंतिणींची, ती मोजून येतात आणि मोजून जातात. मनीचं अंडं दुकानातून विकत आणलेलं.

सकाळी नऊ ते एक

अंगणवाडीतली पोरं घरी मराठी बोलतात, काही गोंडी, रजिस्टर तेलुगूत. आज वजनाचा दिवस होता. एकेकाला काट्यावर उभं करायचं, उंची घ्यायची, दंडाला पट्टी लावायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. कमी वजनाच्या पोराला एकदम ताटभर वाढून चालत नाही, हे मी आयांना इतकी वर्षं सांगत आले. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, आणि वजन लिहून ठेवा. बालामृतम्, म्हणजे पोरांसाठी मिळणारं पोषक पीठ, घरी नेलं तरी ते त्याच पोराच्या पोटात जातंय का, हे काटाच सांगतो.

तरी स्वतःच्या घरातली मांजर वाळत गेली ते मला दिसलं नाही. उन्हाळ्यात तिचं एक वेत झालं, पावसाळ्यात दुसरं. केसांच्या आड हाडं लपतात. दिवाळीनंतर एकदा उचलून घेतली, तेव्हा हातात काही आलंच नाही असं वाटलं. शेजारच्या किराणा दुकानात नेऊन घमेल्यात बसवली, घमेल्याचं वजन वजा केलं: २ किलो १४० ग्रॅम. तिच्या अंगलटीच्या मादीचं वजन सव्वातीन किलोच्या आसपास असायला हवं.

खाणं वाढवण्याआधी मंडलाच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे म्हशी-बैल जास्त येतात, पण डॉक्टरांनी मनीला नीट तपासलं. बरगड्या चाचपल्या, दात पाहिले, आणि शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे चिकटलेले तुकडे दाखवले. ते पट्टकृमीचे तुकडे. उंदीर खाणाऱ्या मांजरीला तो उंदरातून येतो, पिसवांतूनही येतो. अंगकाठीच्या ९ पायऱ्यांत ५ म्हणजे ठीक, आपली मनी २ वर, असं त्यांनी सांगितलं. वजनाच्या हिशेबाने जंताचं औषध दिलं. म्हाताऱ्या मांजराचं भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तर मूत्रपिंड, थायरॉइड, मधुमेह तपासावे लागतात, हेही बजावलं. आतून आजार असेल तर तो खाण्याने भरून निघत नाही.

दुपारी दीड

जेवायला घरी यायचे तेव्हा सासूबाई मनीसाठी दुधात भाकर कुस्करत बसलेल्या असत. आता थांबल्या आहेत, पण मनातून नाही.

“मांजरीले दूध नाही त काय पाजतं मंग?” आजही म्हणाल्या.

“आई, दुधानं तिला ढाळ लागते. खाल्लेलं अंगी लागत नाही.”

“आमच्या घरची मांजरं दूध-भाकरीवरच वाढली.”

ती मांजरं उंदरांवर वाढली, भाकर वरून मिळायची. पूर्वी घराघरांत ज्वारी आणि कापूस भरलेला, उंदीर मोप. मांजराचं पोट दिवसाला आठ-दहा उंदरांचं. एका उंदरात तीसेक कॅलरी. आता लोक विषाच्या गोळ्या टाकतात. उंदीर कमी झाले आणि ताटलीत नुसती ज्वारी राहिली. मांजर मांसावर जगणारा प्राणी. टॉरीन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो, तो नसेल तर डोळे आणि हृदय बिघडतं. भाकरीने पोट भरतं, अंग भरत नाही. दूध मोठ्या मांजरांना सहसा नीट पचत नाही.

तिसरा घास कोंबडीचा, ५० ग्रॅमपैकी निम्मा: मांडीचं मांस, हाडं काढून, मीठ-तिखट न घालता शिजवलेलं. शिजवल्यावर उरलेलं पाणी फेकत नाही, टॉरीन त्या पाण्यात उतरतं. तेच वरून घालते. कलेजी आठवड्यातून दोनदा, सुपारीएवढी, जास्त नाही. आपल्या रश्शातला तुकडा कधीच नाही, कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतो.

सासूबाईंनी आज स्वतः वाटी वर नेऊन ठेवली.

संध्याकाळी पाच

कापसाची वेचणी चालू आहे. बाया गाठोडी घेऊन येतात, झाडाला टांगलेल्या काट्यावर किलोकिलोने मोजलं जातं, त्यावर मजुरी. त्या काट्याला मांजरीचे ४० ग्रॅम कळत नाहीत, म्हणून सोमवारी किराणा दुकानच. दुकानदार आता मनी आली की साखरेचं पोतं बाजूला सरकवतो.

आज सोमवार. २ किलो ३८५.

सहा आठवड्यांत २४५ ग्रॅम. आठवड्याला चाळीसेक, म्हणजे वजनाच्या दोनेक टक्के. एवढंच हवं. पहिले चार दिवस तर मी फार थोडं दिलं होतं, दिवसाला जेमतेम सव्वाशे कॅलरी, आणि जीव तुटायचा, कारण ती आणखी मागत होती. पण उपाशी देहावर एकदम अन्न लोटलं तर रक्तातले क्षार बिघडतात. आता दोनशेवर आलो आहोत: कोरडं खाद्य २० ग्रॅम, कोंबडी ५० ग्रॅम, अर्धं अंडं. नुसत्या घरच्या मांसात कॅल्शियम पुरत नाही, म्हणून विकतचं खाद्य सोडलेलं नाही.

संध्याकाळी सात

उरलेली कोंबडी. मनीने ती पुढच्या पंजाने ओढून घेतली, डोळे मिटून चावली, मग बसून तोंड, मिशा, पंजे चाटत राहिली. आजारात ती स्वतःला चाटायची थांबली होती आणि पाठीवरच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. त्या जागी आता नवे केस मऊ लागतात.

रात्री दहा

शेवटचा घास, भिजवलेलं खाद्य. शेजारी साध्या पाण्याची वाटी, अन्नापासून हातभर लांब. वहीत लिहिलं: तारीख, वजन, शी घट्ट, उलटी नाही. डॉक्टर पुढच्या वेळी हीच वही मागणार आहेत.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी आज तिला एकदा उचलून बघा, बरगड्या चाचपा. आणि मांजरीने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर उद्यावर टाकू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासाने तिच्या यकृतात चरबी साठते आणि त्यातून ती दगावू शकते. घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नका. मांजरासाठी ती विष आहे.