घडवून घेतलेला सायलेन्सर : हौस, हिशेब आणि कायदा

हैदराबादच्या कोटी परिसरालगत पुतलीबावली हा दुचाकींच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. सिकंदराबादेत वाहनांच्या सुट्या भागांसाठी राणीगंजचे नाव घेतले जाते. शहराच्या उत्तर भागातील बालानगर ही लेथ, पत्रेकाम व वेल्डिंग करणाऱ्या लहान कारखान्यांची वसाहत असून केंद्र सरकारची साचे व अवजारे घडविण्याचे शिक्षण देणारी संस्थाही १९६८ पासून तेथेच आहे. साहित्य आणि कसबी हात असे एका शहरात एकत्र आले की, कंपनीने दिलेला सायलेन्सर उतरवून स्वतःच्या पसंतीचा घडवून घेण्याची कल्पना मोटारसायकलस्वाराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गोव्यातील स्वारांनाही ही हौस अपरिचित नाही. २०१३ पासून वागातोर येथे भरलेल्या इंडिया बाईक वीकमध्ये अशा सजविलेल्या गाड्या अनेकांनी डोळे भरून पाहिल्या आहेत. मात्र प्रदर्शनात शोभणारी नळी रोजच्या रस्त्यावर व्यवहार्य ठरते का, याचे उत्तर आवाजावरून ठरत नाही. ते शोधण्यासाठी आधी त्या नळीचे काम समजून घ्यावे लागते.

सायलेन्सर म्हणजे केवळ धूर बाहेर सोडणारी नळी, हा समज अपुरा आहे. इंजिनाची झडप उघडताच जळालेल्या वायूबरोबर दाबाची एक लहर नळीत शिरते. नळीच्या मोकळ्या टोकाशी पोहोचल्यावर ती उलट स्वरूपात, म्हणजे कमी दाबाची लहर होऊन परत फिरते. ती नेमक्या क्षणी झडपेपाशी पोहोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला वाट करून देते. ती अवेळी पोहोचली तर तिचा उपयोग होत नाही, उलट अडथळाच होतो.

हा नेमका क्षण नळीच्या लांबीवर अवलंबून असतो. सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५५० मीटर असतो. एक मीटर लांबीच्या नळीतून लहरीला जाऊन परत येण्यास सुमारे ३.६ मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी चालत असेल तर तेवढ्या अवधीत क्रँक सुमारे १३० अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांवर तो निम्माच, म्हणजे ६५ अंश फिरलेला असतो. याचा अर्थ, एका लांबीची नळी इंजिनाच्या ठरावीक गतीलाच उत्तम साथ देते. शर्यतीच्या मैदानावर जो सतत वरच्या गतीत असतो, त्याला हा लाभ मिळतो. अमीरपेठच्या वाहतुकीत किंवा पणजीच्या पुलाजवळील रांगेत अडकलेल्या गाडीला तो मिळत नाही. तिची खालच्या गतीतील ओढ मात्र बिघडू शकते.

टू-स्ट्रोक इंजिनाची गोष्ट निराळी आहे. त्यात झडपा नसतात. ताजे मिश्रण धुराबरोबर निसटू पाहते आणि फुगीर पोटाच्या नळीतून परतलेली लहर त्याला पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन यांनी हे शास्त्र शर्यतीसाठी विकसित केले. १९६१ साली तेथील स्वार अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे निघून गेला आणि त्याच्याबरोबर ते ज्ञान जपानच्या सुझुकीकडे पोहोचले. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले. यामाहा आरएक्स १०० च्या चाहत्यांमध्ये घडविलेल्या नळीविषयी आजही जी श्रद्धा आढळते, तिच्या मुळाशी हे शास्त्र आहे. परंतु त्या नळीचे प्रत्येक माप सिलिंडरच्या खिडक्यांच्या मापाशी जुळावे लागते. नजरेच्या अंदाजाने केलेली नकल दिसायला तशीच असते, पण तिचे काम मूळ नळीसारखे होत नाही.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. आजच्या मोटारसायकलीत धुराच्या मार्गावर प्राणवायू मोजणारा सेन्सर आणि विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. नवी नळी घडविताना सेन्सरची जागा चुकली किंवा त्याच्या अलीकडे जोडातून बारीकशी गळती राहिली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला प्राणवायू अधिक असल्याचा भास होतो आणि संगणक इंधन वाढवितो. मालक गाडी मोकळा श्वास घेऊ लागल्याच्या आनंदात असतो, तेव्हा पेट्रोलचा खर्च मात्र वाढत असतो. कन्व्हर्टरच काढून टाकला, तर गाडी ज्या मानकावर मंजूर झाली त्या मानकाची राहत नाही.

घडणीच्या दर्जाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. एक मीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची नळी ४०० अंशांनी तापली की सुमारे सात मिलिमीटरने वाढते. ही वाढ सामावून घेण्यासाठी सरकता जोड, स्प्रिंग किंवा रबरी बुश नसेल, तर ताण वेल्डिंगवर येतो आणि काही महिन्यांत तडा जातो. स्टेनलेस नळी टिग पद्धतीने जोडताना आतील बाजूसही आर्गॉन वायू भरावा लागतो, अन्यथा आतला सांधा जळून खडबडीत होतो. हा दोष बाहेरून दिसत नाही. म्हणूनच स्वस्त व महाग कामातील फरक गिऱ्हाइकाला दुकानात कळत नाही, तो पुढे रस्त्यावर कळतो.

गोव्यातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हैदराबाद दख्खनच्या पठारावर आहे. तेथील हवा समुद्रापासून दूर आणि पाऊस गोव्याच्या मानाने फारच कमी. तेथे बरीच वर्षे टिकणारी साध्या लोखंडाची काळी रंगविलेली नळी किनाऱ्यावरील खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात लवकर गंजते. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीललाही समुद्राच्या क्षारांमुळे बारीक खड्डे पडतात. मॉलिब्डेनम असलेले ३१६ दर्जाचे पोलाद त्यापुढे अधिक टिकते, पण महाग पडते. परगावी नळी घडवून पार्सलने मागविणाऱ्याने पोलादाचा दर्जा आधी विचारलेला बरा. शिवाय नळी त्याच गाडीवर बसवून पाहिलेली नसेल, तर मापातील अल्प फरकानेही ती ओढूनताणून बसवावी लागते.

आता कायद्याकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक करतो. नव्या दुचाकींसाठी कारखान्याच्या पातळीवर आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी आहे. डेसिबलची गणना साध्या बेरजेची नव्हे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होणे आणि कानाला आवाज जवळजवळ दुप्पट भासणे. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्या शांततेत एक उघडी नळी गल्लीतून गेली, तर झोपलेले बाळ, आजारी वृद्ध आणि पहाटे कामावर जाणारा माणूस हे सारे एकाच वेळी जागे होतात. स्वाराचा आनंद काही क्षणांचा असतो, पण त्याची किंमत सारी वस्ती मोजते.

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर आवाज व वायुप्रदूषणाच्या मानकांचा पहिला भंग केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्यास अपात्रता अशी तरतूद आहे. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हा केंद्रीय कायदा आहे. त्यामुळे हैदराबादेत बसविलेली नळी गोव्यात आल्याने वैध होत नाही. विम्याचा दावा आणि कंपनीची वॉरंटी यांवरही न कळविलेल्या बदलाची सावली पडते.

मग ही कारागिरी निरर्थक म्हणावी का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि आरएक्स १०० ही त्याच वर्षी बंद झाली. त्या गाड्यांचा मूळ सायलेन्सर गंजून संपला की चांगला बदली भाग सहज मिळत नाही. अशा वेळी जुन्या नळीची मापे घेऊन, आतल्या जाळ्या व पडद्यांसह तशीच नवी घडविणारा कारागीर गाडीला पुन्हा आयुष्य देतो. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांतही वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे, अशीच अपेक्षा आहे. रस्त्याऐवजी केवळ बंदिस्त मैदानावर धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीलाही मापून घडविलेली नळी खरा लाभ देते.

व्यवहार्यतेची कसोटी येथेच सापडते. जे झिजून गेले ते परत मिळविण्यासाठी सायलेन्सर घडविला तर खर्च आणि कष्ट सार्थकी लागतात. जे शाबूत आहे ते काढून टाकण्यासाठी घडविला तर इंधन, वॉरंटी, परवाना आणि शेजाऱ्यांची झोप अशी चारही बाजूंनी किंमत मोजावी लागते. ज्यांनी नळी आधीच बदलून घेतली आहे, त्यांनी निदान एक गोष्ट करावी. उतरविलेला मूळ सायलेन्सर भंगारात न घालता तेल पुसून कोरड्या जागी जपून ठेवावा. प्रदूषण तपासणीच्या दिवशी, गाडी विकताना किंवा पोलिसांनी थांबविल्यानंतर त्याचे मोल कळते. तो पुन्हा चढविण्यासाठी तोपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही.