प्रामाणिक साक्षीदाराची चूक



रहस्यकथा म्हटली की आपल्या पिढीला बाबुराव अर्नाळकर आठवतात. झुंजार आणि काळा पहाड यांची पुस्तके अभ्यासाच्या वहीत दडवून वाचलेली मंडळी या सभागृहातही असतील. त्या कथांत प्रश्न एकच असे : गुन्हा कोणी केला? आज ज्या लेखकाविषयी बोलायचे आहे, त्याचा प्रश्न निराळा आहे. ‘मी पाहिले’ असे जो शपथेवर सांगतो, त्याने खरोखर काय पाहिलेले असते?

हा लेखक म्हणजे जानरीको कारोफील्यो. जन्म 1961, दक्षिण इटलीतील बारी या बंदराच्या शहरात. 1986 मध्ये तो न्यायसेवेत शिरला आणि पुढे बारीतच माफियाविरोधी खटल्यांचा अभियोक्ता झाला. येथे एक फरक लक्षात घेतला पाहिजे. आपल्याकडे तपास पोलीस करतात आणि सरकारी वकील न्यायालयात खटला चालवतो. इटलीत अभियोक्ता तपासाची सूत्रे स्वतःच हाती घेतो आणि पोलीस त्याच्या निर्देशानुसार काम करतात. म्हणजे हा माणूस अर्धा पोलीस अधिकारी, अर्धा वकील. 2008 ते 2013 या काळात तो इटलीच्या सिनेटचा सदस्यही होता.

2002 मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्याची पहिली कादंबरी आली. तिच्या नावाचा अर्थ ‘अजाण साक्षीदार’. गंमत अशी की तिचा नायक अभियोक्ता नाही, पोलीसही नाही. ग्विदो ग्वेरिएरी हा आरोपींची बाजू मांडणारा वकील आहे. लेखक स्वतः ज्या बाकावर बसत आला, त्याच्या समोरच्या बाकावर त्याने आपला नायक बसवला.

ग्वेरिएरीची बायको त्याला सोडून गेलेली. रात्री झोप नाही, मधूनच भीतीचे झटके येतात. अशा अवस्थेत त्याच्याकडे अब्दू नावाच्या सेनेगलच्या तरुणाचा खटला येतो. मायदेशी शिक्षक असलेला अब्दू इटलीत किनाऱ्यावर फिरून माल विकतो. एका नऊ वर्षांच्या मुलाच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे. एक बारमालक सांगतो की त्या दिवशी मी याला इथून जाताना पाहिले. बारमालकाला पैसे चारलेले नाहीत, त्याचे अब्दूशी वैरही नाही. तो मनापासून बोलतो आहे. उलटतपासणीत ग्वेरिएरी त्याच्यापुढे काही छायाचित्रे ठेवतो. पुढचे कादंबरीतच वाचावे.

ही उलटतपासणी लेखकाने निव्वळ कल्पनेतून रचलेली नाही. 1989 मध्ये इटलीत नवी फौजदारी प्रक्रिया संहिता अमलात आली आणि दोन्ही बाजूंनी साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारण्याची पद्धत तेथे रुजू लागली. कारोफील्योने कादंबरीआधीच या विषयावर, खऱ्या खटल्यांतील प्रश्नोत्तरे घेऊन, एक पुस्तक लिहिले होते. ते पुढे ‘संशयाची कला’ अशा अर्थाच्या नावाने पुन्हा निघाले. खोटे बोलणाऱ्याला उघडे पाडणे तुलनेने सोपे असते. प्रामाणिकपणे चुकणाऱ्याचे काय करायचे, हा खरा पेच.

हा पेच मला पुस्तकातून कळला नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी, रात्री दवाखाना बंद करण्याच्या वेळी, बाहेर मोठा आवाज झाला. मोटारसायकलने एका सायकलवाल्याला उडवले होते. मी धावत गेलो तेव्हा लोकांनी एका तरुणाला धरून ठेवले होते. परप्रांतातून बांधकामावर आलेला मजूर. पोलिसाने मला विचारले, “डॉक्टरसाहेब, गाडीवर हाच होता ना?” मी म्हणालो, “हो, हाच.” दुसऱ्या दिवशी खरा गाडीवाला आपणहून हजर झाला. तो मजूर जखमीला उचलायला थांबला होता. माझ्या एका ‘हो’मुळे त्याने रात्र कोठडीत काढली. मी खोटे बोललो नव्हतो. आवाज ऐकला, बाहेर आलो, गर्दीच्या हातातला माणूस पाहिला. मधली जागा माझ्या मनाने भरून काढली. आणि तो ‘आपल्यातला’ नव्हता, म्हणून ती सहज भरली गेली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या मुलखात नांदलेल्या आपल्यासारख्यांना हे निराळे समजवायला नको.

लाज अधिक वाटली ती दुसऱ्या कारणाने. होमिओपॅथीत पहिल्याच वर्गात शिकवतात की रोग्याला बोलू द्या, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. ज्यात उत्तर दडलेले आहे किंवा ज्याला नुसते ‘हो-नाही’ म्हणता येते, असा प्रश्न विचारू नका. हानेमानने ‘ऑर्गनन’मध्ये हे स्पष्ट सांगितले आहे. कायदाही अशा प्रश्नाला सूचक प्रश्न म्हणतो. आपण बोलावलेल्या साक्षीदाराला सरतपासणीत तो सहसा विचारता येत नाही. उलटतपासणीत विचारता येतो. ‘हाच होता ना?’ हा तसाच प्रश्न. त्याऐवजी ‘तुम्ही काय पाहिले?’ असे विचारले असते, तर बहुधा मीही अडखळलो असतो.

आपल्या कायद्यालाही ही जाण जुनी आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. ओळखपरेडमध्ये संशयिताला एकटे न दाखवता त्याच्यासारख्याच इतरांत उभे करतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

जैन घरात लहानपणी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट ऐकवतात. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असे अनेकांना वाटते. खरा अर्थ ‘एका अपेक्षेने’, म्हणजे मी जिथे उभा आहे तिथून. कारोफील्योचा संशय मला या जातीचा वाटतो. सत्य नाहीच, असे तो म्हणत नाही. आपण कुठून पाहिले, तेही सांगा, एवढेच त्याचे मागणे आहे. अभियोक्त्याच्या खुर्चीत इतकी वर्षे बसल्यावर समोरच्या बाकाकडून लिहायला घेणे, हे त्याने स्वतःपुरते दिलेले उत्तर.

तेव्हा पुढच्या वेळी ‘मी डोळ्यांनी पाहिले’ असे म्हणण्याआधी आपण कुठे उभे होतो आणि आपल्याला कोणी काय विचारले, हे आठवून पाहावे. कोणाची तरी रात्र त्यावर अवलंबून असते.