पसारा वाढतो, तरी जीव घडतो

विश्वातली अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, एकूणात वाढतच जाते, असं उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो. मग एकपेशीय जीवांपासून हत्तीपर्यंत गुंतागुंत वाढली कशी? एन्ट्रॉपी घटू न देण्याची अट बाहेरच्या जगापासून पूर्ण तुटलेल्या व्यवस्थेला असते. पृथ्वी तशी नाही. सूर्याकडून आलेल्या प्रत्येक फोटॉनमागे ती सुमारे २० अवरक्त फोटॉन अवकाशात सोडते. ऊर्जा जवळपास तेवढीच, पण विखुरलेली. मधल्या मध्ये वनस्पती साखर बनवतात, प्राणी ती खातात. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंजर यांनी १९४४ साली ‘व्हॉट इज लाइफ?’ या पुस्तकात मांडलं, की जिवाची आतली शिस्त टिकते ती भोवतालची एन्ट्रॉपी वाढवूनच. अर्थात, दुसरा नियम उत्क्रांतीला आडकाठी करत नाही, एवढंच. कोण टिकणार, हे नैसर्गिक निवड ठरवते.