शिपायाच्या खिशातला चाकू

अनेक पात्यांचा स्विस चाकू हौसेची वस्तू वाटतो. पण तो जन्मला गरजेतून. सैन्याची १८८९ची रायफल खोलायला पेचकस हवा, डबाबंद अन्नासाठी ओपनर. म्हणून १८९० साली पाते, पेचकस, ओपनर नि आरी एका मुठीत आली. पहिले चाकू मात्र जर्मनीतल्या झोलिंगेनहून आले. इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांना वाटले, आपल्या शिपायाचा चाकू इथेच घडावा, इथल्या हातांना काम मिळावे. १८९१पासून त्यांनी तो पुरवला. पार कर्जात बुडाले, पण हटले नाहीत. १८९७च्या अधिकारी-चाकूत त्यांनी त्याच स्प्रिंगांवर दुसऱ्या बाजूनेही हत्यारे बसवली. वजन फारसे वाढले नाही, उपयोग वाढला. मला कवितेतही हीच काटकसर हवीशी वाटते.