फार्न बेटावरचा संत आणि त्याचे पाहुणे

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एक प्रश्न आला होता. सुरुवातीच्या ख्रिस्ती संतांची जी दूरदूरची बेटं आहेत, तिथे जाऊन पाहायचं काय? तिथे तर धड चार भिंतीही उरलेल्या नसतात! प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण एकच बेट घेऊ.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, बॅम्बराच्या किल्ल्यासमोर समुद्रात फार्न नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातलं इनर फार्न हे बेट जेमतेम १६ एकरांचं, खडकाळ. ६७६ साली कथबर्ट नावाचा मठवासी इथे एकटा राहायला आला. त्याआधी तो लिंडिसफार्नच्या मठाचा कारभार पाहत होता. लिंडिसफार्नही बेटच, पण अर्धवट. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, भरती आली की वाट बुडते. आजही तिथल्या रस्त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लावलेल्या असतात आणि तरीही काही शहाणे गाडी घालतात न् अडकतात. कथबर्टला मात्र हे निम्मं बेटपणही पुरेना.

त्याच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः बीड या लेखकाकडून. (आपल्या बीड जिल्ह्याशी याचा काही संबंध नाही, बरं का.) कथबर्ट वारला तेव्हा बीड चौदा-एक वर्षांचा असेल. त्याने चरित्र लिहिलं ते ७२१ च्या सुमारास, कथबर्टला जवळून ओळखणाऱ्यांना विचारून विचारून. त्यात चमत्कार भरपूर आहेत, पण घरबांधणीचं वर्णन अगदी गवंड्याच्या नजरेचं आहे. दगड न घडवता रचलेले, मधे मातीची ढेकळं, वर लाकूड आणि गवताचं छप्पर. भोवतीची भिंत बाहेरून माणसाहून थोडीच उंच. आतला खडक मात्र कथबर्टने खोदून खाली नेला, त्यामुळे आतून ती पुष्कळ उंच झाली. कशासाठी? तर आत उभं राहिल्यावर समुद्र दिसू नये, किनारा दिसू नये, फक्त आकाश दिसावं.

आता गंमत बघा. याच माणसाने बोट लागते त्या जागेजवळ दुसरं, मोठं घर बांधलं. पाहुण्यांसाठी! जवळच पाण्याचा झरा. म्हणजे लोक येणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. सुरुवातीला तो बाहेर येऊन आलेल्यांचे पाय गरम पाण्याने धूत असे. पुढे खिडकीतून बोलू लागला. शेवटी खिडकीही बंद झाली, आशीर्वाद द्यायला किंवा अगदी नड असली तरच उघडायची.

पाहुणचाराची एक गोष्ट बीड सांगतो. डोमकावळ्यांची एक जोडी पाहुण्यांच्या घराचं गवत उपसून घरट्याला नेत होती. कथबर्ट रागावला, कावळे गेले. तीन दिवसांनी त्यातला एक परत आला, पंख पसरून, मान खाली घालून. माफी मिळाल्यावर त्या जोडीने डुकराच्या चरबीचा गोळा आणून दिला. कथबर्ट तो गोळा पाहुण्यांना बुटांना चोळायला देई. गोष्ट खरी माना, नका मानू. पण ओल्या बुटांनी उतरणारी माणसं तिथे येत होती, एवढं त्यातून नक्की कळतं.

येणाऱ्यांत एकदा खुद्द राजा एग्फ्रिथ होता. त्याला बिशप व्हा म्हणून विनवायला राजा बोटीत बसून आला. कथबर्ट गेला, ६८५ मध्ये बिशप झाला, आणि दोन वर्षांच्या आत आजारी शरीर घेऊन बेटावर परतला. त्या आजारपणात पाच दिवस वादळ होतं, मठातून कुणाला येता येईना. वादळ ओसरल्यावर मठाधिपती पोचला तेव्हा त्याच्याजवळ पाच कांदे होते, त्यातला एक अर्धामुर्धा कुरतडलेला. पाच दिवसांचं जेवण तेवढंच. २० मार्च ६८७ रोजी तो वारला. दोन मशाली पेटवून पलीकडे लिंडिसफार्नला खूण केली गेली.

आमच्या मते या कथेचा गाभा त्याच्या शेवटच्या मागणीत आहे. मला इथेच पुरा, असं तो म्हणत होता. मठात पुरलंत तर थडग्यापाशी आसरा मागायला पळपुटे, गुन्हेगार येतील आणि त्यांच्यासाठी राजदरबारी रदबदली करत तुमचे दिवस जातील. मठातल्या भावांनी ऐकलं नाही. फार गळ घातली तेव्हा तो नाइलाजाने कबूल झाला. पुढे व्हायकिंगांच्या भीतीने ८७५ मध्ये त्याची शवपेटी घेऊन मठवासी बाहेर पडले, आणि ९९५ मध्ये ती डरॅमला पोचली. आजही कबर तिथे आहे. लोक जातातच.

मग बेटावर काय आहे? कथबर्टच्या हातचं काहीच नाही. जे छोटं प्रार्थनाघर दिसतं ते चौदाव्या शतकातलं. आम्ही सीहाउसेसच्या बंदरातून बोटीने गेलो, तर निघण्याआधीच सांगण्यात आलं, टोप्या घाला. उतरल्यावर कारण कळलं. आर्क्टिक टर्न, म्हणजे आपल्या सुरय पक्ष्याचे भाऊबंद, पायवाटेलगत जमिनीवरच अंडी घालतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर सरळ चोच मारतात. जूनमध्ये पाऊल कुठे ठेवायचं हे तेच ठरवतात. इथल्या आयडर बदकांना स्थानिक लोक लाडाने ‘कडी डक’ म्हणतात. कडी हे कथबर्टचंच छोटं रूप. त्याने जगातला पहिला पक्षीसंरक्षण कायदा केला असं गाइड उत्साहाने सांगतात, पण बीड या बदकांविषयी अवाक्षर काढत नाही. त्या गोष्टी बाराव्या शतकातल्या.

बेटं १९२५ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूने पक्षी पटापट मरू लागले, तेव्हा ट्रस्टने लोकांना उतरू देणं थांबवलं. बोटी नुसत्या प्रदक्षिणा घालून परतायच्या. २०२३ सालही तसंच गेलं. व्यवसाय बुडाला म्हणून बोटवाले हवालदिल, आणि लांबून आलेली माणसं हिरमुसलेली. २०२४ च्या मार्चमध्ये इनर फार्न पुन्हा उघडलं. तरी जायचं ठरवलंत तर आदल्या दिवशी हवा बघा. वारा असेल तर बोट निघत नाही, आणि निघालीच तरी उतरता येईल याची हमी कुणी देत नाही.