कुत्र्यास अपघात झाल्यास करावयाचे प्रथमोपचार

नवापूर, दांडी, उच्छेळी या किनाऱ्यावरील गावांत कुत्रा केवळ हौसेखातर क्वचितच पाळला जातो. भाताच्या खळ्यावर, वाडीत व मासळी वाळत घातलेल्या जागी तो राखण करतो. बैल आजारी पडला की मालक तत्काळ पशुवैद्यकाकडे धाव घेतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र घरगुती उपाय करून वाट पाहिली जाते, आणि पुष्कळदा त्या उपायांनीच जनावर दगावते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी काय करावे याबरोबरच काय करू नये, हेही समजून घेणे अगत्याचे आहे.

वेदनेने व्याकूळ झालेला कुत्रा धन्यासही चावतो. बैलाला मुसके घालतात त्याप्रमाणे फडक्याच्या लांब पट्टीचा फास त्याच्या तोंडाभोवती आवळावा, पट्टीची टोके हनुवटीखालून घेऊन कानांमागे बांधावीत. मात्र त्यास धाप लागली असेल, वांती होत असेल, तोंडावर सूज असेल किंवा तो बेशुद्ध असेल, तर तोंड मुळीच बांधू नये.

येथे एक धोका मुद्दाम सांगितला पाहिजे. जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, असे दिसताच "घशात हाड अडकले" असे समजून लोक तोंडात हात घालतात. पिसाळलेल्या कुत्र्याचीही, विशेषतः रोगाचे स्वरूप लुळे पडण्याचे असल्यास, हीच लक्षणे असतात. लाळ लहानशा ओरखड्यास लागली तरी रोगाची बाधा होऊ शकते, आणि माणसात रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. अशा कुत्र्यास दुरूनच कोंडावे व पशुवैद्यकास बोलवावे. चावा किंवा लाळ लागलीच, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. जखमेवर मिरची, चुना वा तेल लावू नये.

विषबाधेच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइड कुत्र्याने खाल्ले की दूध किंवा मिठाचे पाणी पाजले जाते. या विषापासून पोटातील आम्लामुळे विषारी वायू तयार होतो. अन्न दिल्यास आम्ल वाढते व वायूही वाढतो. मिठाचे पाणी तर स्वतःच घातक ठरते. काहीही न पाजता कुत्र्यास मोकळ्या हवेत ठेवावे, वांतीचा वास घेऊ नये, आणि विषाचे वेष्टन बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. कीटकनाशक अंगावर सांडले असल्यास हातमोजे घालून साबणाने अंग धुवावे. समुद्रकाठी पडलेला केंड मासा खाऊन झोकांड्या देणारा कुत्राही विषबाधा झालेलाच समजावा. या विषावर उतारा नाही, श्वास चालू ठेवणे हाच उपचार असतो आणि तो दवाखान्यातच शक्य असतो.

सर्पदंश बहुधा तोंडावर किंवा पुढील पायावर होतो. आवळपट्टी बांधू नये, जखमेवर चीर देऊ नये. कुत्र्यास चालू न देता उचलून न्यावे व दंशाची वेळ सांगावी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर माणसास दिले जाणारे प्रतिविषच कुत्र्यासही देतात.

वैशाखात बंद गाडीत किंवा पत्र्याखाली बांधलेल्या कुत्र्यास उष्माघात होतो. कुत्र्यास घाम जवळजवळ येत नाही; तो धापा टाकूनच शरीर थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान सुमारे 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते; 106 च्या वर ते घातक होते. प्रथम भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, मगच प्रवासास निघावे. पाणी घशात ओतू नये. तापमान 103 पर्यंत उतरताच ओतणे थांबवावे.

मालमोटारीची धडक बसल्यास वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, ते वारंवार उचलून पाहू नये. कुत्र्यास फळीवर सरकवून न्यावे.

कोळीवाड्यात गळ गिळण्याचे प्रकार घडतात. गळास उलटे टोक असल्याने दोरी ओढली की तो आत अधिक रुततो. म्हणून ती ओढू नये, आणि आखूडही कापू नये. बाहेरचे टोक गळपट्ट्यास सैल बांधावे, म्हणजे पशुवैद्यकास गळाचा माग लागतो.